युद्धात सापडलेल्या मुलांसाठी देणगी द्यायची आहे, पण नक्की कशासाठी?

रेवाकाठ | शनिवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

जर्मनीतल्या आमच्या छोट्या महाराष्ट्र मंडळात यंदा गणपतीचा खर्च भागून बऱ्यापैकी पैसे शिल्लक राहिले. एरवी ते पुढच्या वर्षीच्या ढोलताशांत जिरतात. या वेळी सभेत एकमताने ठरलं की युद्धात सापडलेल्या मुलांसाठी द्यायचे. एकमत तिथेच संपलं.

एक गट म्हणतो, एखाद्या मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेला देऊन टाका, करसवलतीची पावती मिळते, डोक्याला ताप नाही. दुसऱ्या गटाला ठरावीक प्रकल्प हवाय. अमुक छावणीतल्या मुलांना दप्तरं, शिलाई मशीन, काहीतरी, ज्याचे फोटो पुढच्या गणपतीत पडद्यावर दाखवता येतील. तिसऱ्या गटात आमचे एक काका एकटेच आहेत. त्यांचं म्हणणं, परदेशातल्या पोरांचा पुळका कशाला, गडचिरोलीला द्या.

खजिनदार मी, म्हणून वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं. संयुक्त राष्ट्रांचा 'मुले आणि सशस्त्र संघर्ष' हा वार्षिक अहवाल काढून बसले. २०२४ सालासाठी ४१,३७० गंभीर उल्लंघनांची पडताळणी झाली आहे. आदल्या वर्षीपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त, आणि मोजदाद सुरू झाल्यापासूनचा सर्वांत मोठा आकडा. मोजतात त्या सहा गोष्टी: मुलांना मारणं किंवा जायबंदी करणं, सैन्यात-टोळीत भरती करणं, लैंगिक अत्याचार, पळवून नेणं, शाळा-दवाखान्यांवर हल्ले, आणि मदत अडवणं. खात्री करता आली तेवढ्याच घटना यात येतात, म्हणजे खरा आकडा देव जाणे.

एवढं कळलं. आमच्या पैशांनी यातलं काय हलेल, ते मात्र कळलं नाही. अशा प्रकल्पांवर इथे कोणी काम केलंय का? पैसे ठरावीक कामासाठी म्हणून द्यावेत, की 'तुम्हाला योग्य वाटेल तिथे वापरा' म्हणून?

तात्पुरता | शनिवार, रात्री ९:३१

वर्गणी उरणारं मंडळ! सभासद व्हायला काय करावं लागतं?

(विषय गंभीर आहे, कल्पना आहे. वाचतोय.)

हिशेबनीस | शनिवार, रात्री ११:०४

रेवाकाठ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं पक्कं आहे, पण ते का, हे सांगायला जरा लांबून यावं लागेल.

नेपाळ. माओवाद्यांचं युद्ध फेब्रुवारी १९९६ मध्ये पेटलं आणि नोव्हेंबर २००६ च्या शांतता कराराने थांबलं. त्यानंतरच्या वर्षांत मी तिथल्या एका स्थानिक संस्थेची खाती तपासायला जायचो. ही संस्था पुनर्वसनाच्या कामात भागीदार होती. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही.

करारानंतर माओवाद्यांच्या जनमुक्ति सेनेचे लढवय्ये सात मुख्य शिबिरांत गोळा झाले. चितवनचं शक्तिखोर, रोल्पाचं दहबन, इलामचं चुलाचुली वगैरे. संयुक्त राष्ट्रांच्या मिशनने (तिकडे सगळे त्याला 'अनमिन'च म्हणायचे) एकेकाशी बोलून वय आणि भरतीची तारीख पडताळली. २००७ च्या अखेरीला निकाल लागला: १९,६०२ पात्र, ४,००८ बाद. बाद झालेल्यांपैकी २,९७३ जण २५ मे २००६ या पडताळणीसाठी धरलेल्या दिवशी अठराच्या आतले होते. उरलेले १,०३५ त्या तारखेनंतर भरती झालेले.

आता तारखा बघा. मुलं कोण हे २००७ मध्ये कागदावर आलं. त्यांना सोडण्याच्या कृती आराखड्यावर सरकार, माओवादी पक्ष आणि संयुक्त राष्ट्रं यांच्या सह्या झाल्या १६ डिसेंबर २००९ रोजी. प्रत्यक्षात सोडलं जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये. मधली दोन वर्षं राजकारण्यांच्या ओढाताणीत गेली. तोवर बरेचजण शिबिरातून आपापले निघून गेले होते, आणि जे उरले त्यांतल्या बहुतेकांनी अठरा ओलांडली होती. काही मुलींच्या कडेवर मूल होतं. शिवाय 'अयोग्य' असा शिक्का बसलेला, तो गावात गेल्यावरही सुटेना.

त्यांच्यापुढे चार पर्याय होते. एखाद्या व्यवसायाचं प्रशिक्षण, लहान धंद्याला मदत, शाळा-कॉलेजचा खर्च, किंवा आरोग्यसेवेतला एखादा कोर्स. युनिसेफ, यूएनडीपी, यूएनएफपीए आणि आयएलओ या संयुक्त राष्ट्रांच्या चार संस्था मिळून हे चालवत. पैसा देणाऱ्या देशांकडून निधीत, निधीतून या संस्थांकडे, तिथून स्थानिक भागीदाराकडे, तिथून प्रशिक्षण केंद्राकडे. रोख रक्कम हातात नाही.

आणि जे 'पात्र' ठरले होते? नोव्हेंबर २०११ मध्ये सात कलमी समझोता झाला. ज्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली त्यांना हुद्द्याप्रमाणे पाच ते आठ लाख नेपाळी रुपये. एकाच शिबिरात, एकाच चुलीवर जेवलेली ही माणसं. वयाच्या एका तारखेने कोणाला लाखांचा चेक मिळाला आणि कोणाला मोबाईल दुरुस्तीचा कोर्स.

मी ज्यांची खाती पाहिली त्यांच्याकडे अफरातफर नव्हती. व्हाउचर चोख, सह्या जागेवर. दुखणं तक्त्याच्या रकान्यांत होतं. किती जणांनी नाव घातलं, किती जणांनी कोर्स पुरा केला, किती अवजारपेट्या वाटल्या, असे रकाने असायचे. दोन वर्षांनी दुकान उघडं आहे का, याला रकानाच नव्हता, कारण दोन वर्षांनी प्रकल्पच नसणार होता. शेवटच्या तिमाहीत 'खर्च उरलाय, उरकून टाका' म्हणून फोन यायचे. लोक पैशाच्या कमतरतेबद्दल बोलतात. मला पैशाची घाई जास्त दिसली.

एक गोष्ट मात्र डोळ्यांनी पाहिली. त्या कार्यक्रमात मुलींसाठी प्रशिक्षणाच्या जागी लेकरं सांभाळायची सोय ठेवायची असं ठरलेलं होतं. जिथे अशी बाई नेमली होती तिथे मुली कोर्सला टिकल्या. नसायची तेव्हा आठवड्या-दोन आठवड्यांत गळती. आमच्या त्या संस्थेच्या बजेटात ही बाई 'इतर मनुष्यबळ' या ओळीत असायची, आणि कात्री चालवायची वेळ आली की पहिली तीच ओळ.

म्हणून माझं उत्तर: वस्तूंसाठी देऊ नका. माणसांच्या पगारासाठी द्या. आणि एकरकमी देण्यापेक्षा तीन वर्षं दरवर्षी द्या, तेही अगोदर लिहून देऊन.

सुमेधा_क | रविवार, सकाळी ७:५०

हिशेबनीस, वाचनखूण साठवली. असं आतलं कोणी लिहीत नाही.

फटकळ | रविवार, सकाळी ८:२२

सगळं वाचलं. चार मोठ्या संस्था, भागीदार, प्रशिक्षण केंद्र, तक्ते, तिमाही अहवाल. या सगळ्यांचे पगार आणि गाड्यांचं डिझेल जमेला धरलं तर त्या ४,००८ जणांच्या हातात थेट पैसेच दिले असते तर काय बिघडलं असतं? मोठ्यांना लाख देता, मग लहानपणी बंदूक हातात दिली गेली त्यालाच का ज्ञान पाजायचं? आणि वर तुम्ही म्हणता आणखी पगारांना द्या!

अनुजा_एम | रविवार, सकाळी १०:१५

फटकळ, प्रश्न रास्त आहे. रोख न देण्याचा नियम आला कुठून ते सांगते. मी बालसंरक्षणाचंच काम करते, आता आफ्रिकेत नाही, पण पूर्वी होते.

लायबेरिया, डिसेंबर २००३ नंतरचं निःशस्त्रीकरण. तिथे प्रत्येक लढणाऱ्याला दोन हप्त्यांत मिळून ३०० डॉलर दिले, आणि मुलांनाही तेवढेच. मुलांसाठी काम करणाऱ्यांनी तेव्हाच विरोध केला होता. झालं तेच ज्याची भीती होती. मुलांना पैसे मिळणार म्हटल्यावर त्यांचे जुने कमांडर वाटा मागायला हजर. म्हणजे ज्या माणसापासून मुलाला सोडवायचं, त्याच्याच खिशात आपण मुलाच्या हाताने पैसे घालायचे. शिवाय शेजारच्या घरातला मुलगा, जो टोळीत गेलाच नाही, त्याने काय शिकायचं यातून? फेब्रुवारी २००७ मध्ये बालसैनिकांविषयीची आंतरराष्ट्रीय 'पॅरिस तत्त्वं' ठरली, त्यांत सुटकेच्या वेळी मुलांना थेट रोख देऊ नये असं आलं, त्यामागे हा अनुभव आहे.

शेजारच्याच सिएरा लिओनमध्ये वेगळं केलं होतं. तिथलं युद्ध १९९१ ते २००२. सुमारे सात हजार मुलं अधिकृतपणे सोडवली गेली. शाळा त्यांना घ्यायला तयार नव्हत्या. पालक म्हणायचे, यानेच आमचं घर जाळलं, हा आमच्या मुलाच्या बाकावर बसणार? तेव्हा युनिसेफच्या एका योजनेत असं ठरलं की अशा मुलांना जी शाळा दाखल करून घेईल, त्या शाळेला साहित्य मिळेल. वह्या-पुस्तकं, शिकवण्याची साधनं, खेळाचं सामान, आणि ते सगळ्या वर्गाला. पूर्वीचा बालसैनिक शाळेत आला की सगळ्यांच्या हाताला फुटबॉल लागतो. त्याच्याकडे बघण्याची नजर यानेही थोडी बदलते. मला ही योजना आजही हुशारीची वाटते, कारण पैसा मुलाच्या नावाने येतो, पण तो पडतो अशा जागी, जिथून मुलाला हाकलणं गावाला परवडत नाही.

थेरेसा बेटनकोर्ट या संशोधिकेने २००२ पासून तिथल्या पाचशेहून अधिक मुलामुलींचा मागोवा ठेवला. युद्धात काय पाहिलं-भोगलं याइतकंच, परतल्यावर घराने-गावाने कसं वागवलं आणि शाळा टिकली का, यावर पुढचं आयुष्य ठरताना दिसलं. मुलींच्या वाट्याला हेटाळणी जास्त.

आणखी एक. 'बालसैनिक' म्हटलं की डोळ्यांसमोर एके-४७ घेतलेला मुलगा येतो. पॅरिस तत्त्वांत स्वयंपाकी, हमाल, निरोप्या, हेर, आणि कमांडरांनी 'बायको' म्हणून ठेवलेल्या मुलीही येतात. बंदूक जमा करा आणि लाभ घ्या, अशी अट घातली की या मुली बाहेरच राहतात. अनेक देशांत तसंच झालं.

हिशेबनीस | रविवार, सकाळी ११:४०

अनुजाताई, लायबेरियाचा मुद्दा मान्य. पण नेपाळमध्ये तो नियम २०१० साली बहुतेक वीस-एकवीस वर्षांच्या माणसांना लावला. पडताळणीत मूल, म्हणून रोख नाही. मत द्यायला, लग्नाला, आखातात कामाला जायला मात्र प्रौढ. ज्या वयासाठी नियम केला ते वय सरकारी दिरंगाईत निघून गेलं आणि नियम तेवढा मागे राहिला. मला ते तेव्हाही खटकलं होतं.

फटकळ | रविवार, दुपारी १२:०५

हेच तर म्हणतोय मी.

अनुजा_एम | रविवार, दुपारी १२:३८

वीस वर्षांच्या माणसाला रोख देण्याला माझा विरोध नाही, फटकळ. दहा वर्षांच्या मुलाच्या आजीला दरमहा थोडे पैसे द्यायलाही नाही, तो उपाय तर चांगलाच आहे. विरोध आहे तो सुटकेच्या फाटकावर नोटा मोजण्याला.

रिंगरोड | रविवार, दुपारी १:२०

नेपाळवरून आठवलं. पुण्यात आमच्या सोसायटीत जे दाजू रात्रपाळीला असतात ते पश्चिम नेपाळचे. बोलता बोलता एकदा म्हणाले, गावात तेव्हा 'एका घरातून एक जण द्या' असा फतवा निघाला होता. वडिलांनी दोन्ही भावांना रातोरात मामाबरोबर भारतात पाठवलं. पोरं हॉटेलात भांडी घासत वाढली. तेव्हा असे हजारो आले असणार, आणि आपण त्यांना सरसकट बहादूर म्हणून हाका मारल्या.

या मुलांना कुठल्या योजनेत धरतात? की धरतच नाहीत?

अनुजा_एम | रविवार, दुपारी १:४४

भरतीच्या आकड्यात येत नाहीत, कारण भरती झाली नाही. बालकामगार म्हणून कोणी सोडवलं तर त्या खात्यात. एरवी कुठेच नाहीत. रातोरात पाठवणारा बाप हेच त्यांचं संरक्षण, आणि त्याला कोणी निधी दिला नाही.

पन्हाळकर | रविवार, दुपारी ४:१०

धागा वाचून राहवलं नाही, कारण आमच्या कोल्हापूरचा यात थेट संबंध आहे. वळिवडे.

१९४० साली सोव्हिएतांनी पोलंडच्या पूर्व भागातून लाखो लोक उचलून सायबेरियात आणि मध्य आशियात नेले. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर समीकरण बदललं, त्यांची सुटका झाली, आणि पोलिश सैन्याबरोबर बायकामुलं इराणमार्गे बाहेर पडली. काही मुलं नवानगरला (आजचं जामनगर) आली. जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीत त्यांची सोय केली, ते बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण मोठी छावणी आमच्याकडे होती, वळिवड्याला. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार लोक, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. बालाचडी बंद झाल्यावर तिथली मुलंही इकडे आली.

या धाग्याशी जुळणारा भाग पैशाचा. वळिवड्याचा खर्च लंडनमधलं निर्वासित पोलिश सरकार करत होतं. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन-अमेरिकेने त्या सरकारची मान्यताच काढून घेतली. आता पैसा देणारा उरला नाही म्हणून छावणी मोडायला हवी होती, नाही का? मोडली नाही. खर्च पुढे आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनांनी उचलला, आधी उन्रा आणि मग आयआरओ. देणारा बदलला तरी शाळा तीच, शिक्षक तेच, स्काउटचं पथक तेच. चर्च होतं, नाटकं होत होती. पोरांची पाच वर्षं सलग गेली.

आज ती पिढी नव्वदीत आहे. हयात असलेली मंडळी कोल्हापूरला येऊन जातात, इथल्या जुन्या लोकांना भेटतात. छावणीच्या जागेवर नंतर फाळणीत आलेले सिंधी वसले, तेच आजचं गांधीनगर. कापड घ्यायला सगळा जिल्हा जातो, पण आपण कुठे उभे आहोत हे फार थोड्यांना माहीत असतं.

तात्पुरता | रविवार, दुपारी ४:३२

गांधीनगरातून दर दिवाळीला पडदे आणतो. हे माहीत नव्हतं. धन्यवाद पन्हाळकर.

फटकळ | रविवार, सायंकाळी ५:०१

पन्हाळकर, छान माहिती. पण ती मुलं युरोपियन होती, ब्रिटिशांना मित्रराष्ट्राची काळजी होती आणि पैसा सरकारचा होता. आज सुदानच्या पोरांसाठी असं कोण करणार?

पन्हाळकर | रविवार, सायंकाळी ५:१७

कोणी करत नाही हे खरं. त्याच वर्षी, १९४३ ला, बंगालात लाखो माणसं भुकेने मेली, त्यांची मुलं कोणाच्या छावणीत नव्हती. हेही लिहायला हवंच.

मेघदूत८१ | रविवार, रात्री ९:४८

मदतकार्याच्या क्षेत्रात नोकरीला आहे, त्यामुळे टोपणनाव वापरून मोघम लिहितो.

हिशेबनीस म्हणाले तो पगाराचा मुद्दा उलगडून सांगतो, कारण मंडळाच्या सभेत तोच सगळ्यात अवघड जाणार. संकटातल्या मुलांचं संरक्षण म्हणजे प्रत्यक्षात काय असतं? बहुतेक वेळा एक कार्यकर्ती असते. तिच्याकडे काही मुलांच्या फाइली असतात. हा मुलगा एकटा सापडला, आई-वडिलांचा पत्ता लावायचाय. ही मुलगी टोळीतून पळून आलीय, तिला दवाखान्यात न्यायचंय, पण तिच्या भावाला कळू द्यायचं नाही. याला शाळेत घातलं, तो जातो का बघायचंय. बालसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे एका कार्यकर्तीकडे एका वेळी २५ हून जास्त मुलं असू नयेत. बहुतेक ठिकाणी याहून कितीतरी जास्त असतात.

या कामात वाटायला काही नाही. फोटो काढता येत नाही, काढलाच तर मुलगी धोक्यात येते. हिशेबात दिसतं ते फक्त पगार, प्रवासखर्च, मोबाईलचं बिल. देणगीदाराला वाटतं, पैसे संस्थेनेच खाल्ले. तंबू आणि औषधं यांना पैसा मिळतो, बालसंरक्षण मागणीच्या यादीत असलं तरी त्याचा भाग कमी भरतो.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परकीय मदत एकदम गोठवली. काम थांबवण्याचे आदेश आले, आणि जुलैपर्यंत यूएसएड ही तिथल्या सरकारची मदतसंस्थाच बंद झाली. अन्नधान्याच्या बातम्या आल्या, यायलाच हव्या होत्या. पण ज्या कार्यकर्त्या घरी बसल्या त्यांच्याकडच्या फाइलींचं काय? सतरंज्या दुसऱ्या संस्थेच्या गोदामात हलवता येतात. मुलीने महिनाभराने कोणावर तरी टाकलेला विश्वास हलवता येत नाही. नवी कार्यकर्ती आली की तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि पुष्कळ मुलं दुसऱ्यांदा सांगतच नाहीत.

म्हणून मोकळा, अटी नसलेला पैसा लागतो. युनिसेफसारखी संस्थाही संपूर्णपणे ऐच्छिक देणग्यांवर चालते, आणि येणाऱ्या पैशातला मोठा हिस्सा 'अमुक देश, अमुक काम' असं बांधून येतो. टीव्हीवर जे युद्ध दिसतं त्याच्या नावाने भरभरून, जे दिसत नाही त्याच्या नावाने चिमूटभर. अट नसलेला पैसाच तिथे पोचू शकतो.

छोट्या स्थानिक संस्थांचं आणखी वाईट. २०१६ मध्ये मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी मिळून ठरवलं होतं की २०२० पर्यंत मदतीच्या पैशातला किमान २५ टक्के भाग शक्य तितका थेट स्थानिकांकडे जावा. गाठता आलं नाही.

कायद्याचं_बोला | रविवार, रात्री १०:३०

एक बाजू राहिली. मुलांना युद्धात ओढणाऱ्यांकडूनच वसूल का करू नये? आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा पहिलाच निकाल याच गुन्ह्यावर होता. काँगोचा थॉमस लुबांगा, मार्च २०१२, पंधरा वर्षांखालच्या मुलांना भरती केल्याबद्दल. शिक्षा १४ वर्षं. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने त्याच्यावर भरपाईची जबाबदारी ठरवली एक कोटी डॉलर. त्याच्याकडे दमडी नाही, कागदोपत्री तो निर्धन. मग भरणार कोण? न्यायालयाचा 'पीडितांसाठी विश्वस्त निधी' आहे, त्यात देश स्वेच्छेने पैसे घालतात. म्हणजे पुन्हा देणगीच.

युगांडाच्या डॉमिनिक ओंग्वेनच्या खटल्यात तर फेब्रुवारी २०२४ मध्ये पाच कोटी २४ लाख युरोंची भरपाई ठरली, पीडित पन्नास हजारांच्या आसपास. प्रत्येकाला ७५० युरो प्रतीकात्मक, बाकी सामूहिक पुनर्वसन. आणि हा ओंग्वेन स्वतः लहानपणी शाळेच्या वाटेवरून पळवून नेलेला मुलगा. त्याला त्या वयात कोणी सोडवलं असतं तर, हा विचार मी करू नये असं ठरवतो आणि करतोच.

वैनगंगा | सोमवार, सकाळी ९:०५

काकांसाठी लिहिते आहे, म्हणजे जे गडचिरोली म्हणतात ते. मी इथलीच.

काका चुकीचं बोलत नाहीत. इथे आणि शेजारच्या बस्तरमध्ये माओवाद्यांनी बालसंघम म्हणजे मुलांचे गट चालवले, आठवी-नववीतली पोरं दलममध्ये, म्हणजे सशस्त्र तुकडीत नेली. नंतर शरण आलेल्यांत कितीतरी जण असे किशोरवयातच गेलेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा बडा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, तेव्हा सगळ्या कॅमेऱ्यांचं लक्ष त्याच्यावर. शरण येणाऱ्यांसाठी राज्याची योजना २००५ पासून आहे. बालन्याय कायद्याच्या कलम ८३ मध्ये अशा गटांनी मुलं भरती केली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. भारत सरकार मात्र इथल्या परिस्थितीला 'सशस्त्र संघर्ष' मानत नाही, त्यामुळे त्या नावाने मागितलेला निधी इथे आणायचा विचारही करू नका.

आता पैशाची गोष्ट, रेवाकाठ, कारण खजिनदार तुम्ही. तुमचं मंडळ जर्मनीत नोंदलेलं असेल तर ते परदेशी स्रोत धरलं जाईल. घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी, पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या तिच्या ठरलेल्या खात्यातच यायला हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था ते पैसे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. म्हणजे शहरातल्या मोठ्या संस्थेने घेऊन आमच्या तालुक्यातल्या चार जणींच्या गटाला द्यायचे, तो रस्ता बंद. तुमच्यापैकी ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या कमाईतून, बँकेमार्फत वैयक्तिक देणगी दिली तर ती परदेशी देणगी ठरत नाही. ज्यांनी जर्मन नागरिकत्व घेतलं त्यांना ही सवलत नाही, ओसीआय कार्ड असलं तरी. काकांचा पासपोर्ट कोणता?

रेवाकाठ | सोमवार, दुपारी २:२०

काका कट्टर भारतीय पासपोर्टवाले. त्यांना हा प्रतिसाद वाचून दाखवला. ते स्वतःच्या खात्यातून आश्रमशाळेतल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला देणार आहेत, आणि मंडळाच्या पैशावरचा आग्रह सोडलाय. एक तट कमी झाला!

आता उरले फोटोवाले. मेघदूत८१ यांचा प्रतिसाद सभेत वाचून दाखवीन. पण एखाद्या संस्थेशी बोलताना मी विचारू काय? 'प्रशासकीय खर्च किती टक्के' एवढं एकच विचारायला मला येतं.

मेघदूत८१ | सोमवार, सायंकाळी ७:१५

तो प्रश्न विचारा, पण त्याच्या उत्तरावरून ठरवू नका. तुमच्याकडे आत्ता मुलांच्या फाइली सांभाळणाऱ्या किती जणी आहेत, प्रत्येकीकडे किती मुलं, आणि मागच्या वर्षीच्या किती जणी अजून कामावर आहेत, हे विचारा. माहिती असणारा माणूस लगेच सांगेल. जो 'आम्ही इतक्या लाख मुलांपर्यंत पोचलो' असं म्हणेल त्याला विचारा, पोचलो म्हणजे काय. एका पथनाट्याला बसलेली पोरंसुद्धा कधीकधी त्या लाखांत मोजलेली असतात.

मुलांचे चेहरे आणि नावं छापणाऱ्या संस्थेपासून लांब राहा. फोटोवाल्यांना एवढं सांगा की तुमच्या पडद्यावर जो फोटो येईल तो त्या मुलीच्या गावातही कोणाच्या तरी फोनवर येईल.

फटकळ | सोमवार, रात्री ८:०२

हे पटलं. पगाराला माझा विरोध कमी झालाय, गाड्यांना कायम आहे.

हिशेबनीस | सोमवार, रात्री ९:२६

फटकळ, गाडी नसली तर ती कार्यकर्ती त्या खेड्यात जाणार कशी? असो, तो दुसरा धागा होईल.

रेवाकाठ, पत्राचा मसुदा करून देतो. त्यात तीन गोष्टी घालू. रक्कम तीन समान हप्त्यांत, दर सप्टेंबरमध्ये. वापर कुठे करायचा ते संस्थेने ठरवावं, पण कार्यकर्त्यांच्या पगारावर केला तर आमची हरकत नाही, उलट पसंती आहे, हे स्पष्ट लिहू. असं लेखी मिळालं की संस्थेतल्या लेखापालाचे हात मोकळे होतात, हे मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिलंय. आणि तिसरं, छायाचित्रं पाठवू नयेत. वर्षातून एकदा दोन पानी पत्र पुरे, त्यात काय जमलं नाही तेही लिहावं.

तुमच्या सभेत हप्त्यांना विरोध होईल, कारण पुढच्या वर्षीच्या कार्यकारिणीला बांधून घेणं कोणाला आवडत नाही. त्यावर उपाय म्हणजे सगळी रक्कम आत्ताच वेगळ्या खात्यात टाका, म्हणजे ढोलवाल्यांचा हात तिथपर्यंत जाणार नाही. मसुदा व्यक्तिगत निरोपातून पाठवतो, जर्मन भाषांतर तुमच्याकडे.